जेसी ओवेन्स

जेम्स क्लीव्हलँड ऊर्फ जेसी ओवेन्स (जन्म : १२ सप्टेंबर १९१३, ओकव्हिल, अलाबामा, मृत्यू : ३१ मार्च १९८०, टूसॉन, ॲरिझोना) हे अमेरिकेचे लांब उडीपटू व धावपटू होते. १९३६ साली बर्लिन येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी १०० मीटर धावणे, लांब उडी, २०० मीटर धावणे आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके मिळविली. लांब उडीतील त्यांचा ८.१३ मीटरचा विश्वविक्रम पंचवीस वर्षे अबाधित राहिला. आठ मीटरपलीकडे विक्रमी उडी मारणारे ते पहिले खेळाडू होत. इतके असूनही बर्लिननंतर अवघ्या काही दिवसांतच, वयाची तेवीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्यांची स्पर्धात्मक कारकीर्द संपली आणि स्वदेशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळण्यासाठी त्यांना चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. त्यांच्या चरित्राभोवती अनेक लोकप्रिय कथा गुंफल्या गेल्या आहेत. त्यांपैकी काही पूर्ण खऱ्या नाहीत, आणि जे खरे घडले ते त्या कथांहून अधिक विचार करायला लावणारे आहे.

बालपण व शालेय शिक्षण

ओवेन्स यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. वडील हेन्री ओवेन्स हे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत. कापसाच्या या शेतीत राबूनही घरखर्च भागत नसे. हेन्री व मेरी एमा या दांपत्याच्या दहा अपत्यांपैकी जेसी हे सर्वांत धाकटे. लहानपणी ते वरचेवर आजारी पडत. छातीवर उठलेली एक गाठ डॉक्टरकडे जाण्याची ऐपत नसल्याने आईने घरातील सुरी तापवून काढली, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे कामधंद्याच्या शोधात उत्तरेकडील औद्योगिक शहरांत गेली. ओवेन्स कुटुंबही त्यांतलेच. जेसी नऊ वर्षांचे असताना सारे जण ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरी आले. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारले, तेव्हा मुलाने आपल्या नावाची आद्याक्षरे ‘जे. सी.’ अशी सांगितली. दक्षिणी उच्चारामुळे बाईंना ते ‘जेसी’ असे ऐकू आले आणि हजेरीपटात तेच लिहिले गेले. हजेरीपटातले हेच नाव पुढे जगाला ठाऊक झाले.

फेअरमाउंट शाळेतील क्रीडाशिक्षक चार्ल्स रायली यांनी या मुलातील गुण ओळखले. शाळा सुटल्यावर जेसी चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात काम करीत, त्यामुळे संध्याकाळच्या सरावाला येणे त्यांना शक्य नव्हते. रायली यांनी त्यांच्यासाठी सकाळी शाळा भरण्यापूर्वी सराव ठेवला. शिकविण्याची त्यांची रीत साधी होती. जमीन तापलेली आहे असे समजून पाऊल ठेवावे आणि लगेच उचलावे, असे ते सांगत. धावताना चेहऱ्यावर व खांद्यांत ताण कसा नसावा हे दाखविण्यासाठी ते जेसींना घोड्यांच्या शर्यती पाहायला घेऊन गेले. ओवेन्स यांच्या जुन्या चित्रफितींत दिसणारी ती सहज, आवाज न करता सरकत गेल्यासारखी धाव या शिकवणीतून आली. ओवेन्स यांनी आयुष्यभर रायलींचे ऋण मानले. एका शिक्षकाने आपल्या वेळापत्रकात तासभराची जागा काढली, एवढ्या लहान गोष्टीवर किती मोठी इमारत उभी राहू शकते याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये असताना, १९३३ साली शिकागो येथील राष्ट्रीय शालेय स्पर्धेत त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.४ सेकंदांत जिंकून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच स्पर्धेत २२० यार्ड धावणे आणि लांब उडी या प्रकारांतही ते पहिले आले.

ओहायो स्टेट विद्यापीठ

१९३३ च्या शरद ऋतूत ओवेन्स ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाले. तेथे लॅरी स्नायडर हे त्यांचे प्रशिक्षक होते. देशभर नाव झालेल्या या खेळाडूला क्रीडा शिष्यवृत्ती मात्र नव्हती. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते राज्याच्या विधानभवनात मालवाहू लिफ्ट चालवीत. विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जागा मिळत नसे, म्हणून त्यांना इतर कृष्णवर्णीय खेळाडूंसमवेत बाहेर राहावे लागे. संघ परगावी गेला की गोरे सहकारी ज्या उपाहारगृहात जेवत तेथे यांना प्रवेश नसे. त्यांना वेगळ्या ठिकाणी जेवावे लागे किंवा बाहेरून आणलेले खावे लागे. हा भेदभाव अमेरिकेच्या उत्तर भागातील, म्हणजे तुलनेने उदार समजल्या जाणाऱ्या प्रदेशातील होता, हे लक्षात घ्यावयास हवे.

लांब उडी हा पायांच्या बळाइतकाच वेगाचा खेळ आहे. खेळाडू धावपट्टीवरून जेवढ्या वेगाने उडीच्या फळीपर्यंत येतो, त्या वेगाचे भांडवल त्याला फळीवरच्या एका पावलात, निमिषार्धात, उंचीमध्ये बदलावयाचे असते. पाऊल फळीच्या पुढे गेले तर उडी बाद होते. फार मागे पडले तर तेवढी सेंटिमीटरे वाया जातात. पूर्ण वेगात असताना पाऊल नेमके टाकणे हेच या खेळाचे मर्म आहे. जगातील सर्वांत वेगवान धावपटूंपैकी एक असणे ही ओवेन्स यांची जमेची बाजू होती आणि स्नायडर यांनी त्यांच्या धावेच्या आखणीवर व फळीवरील पावलावर मेहनत घेतली.

२५ मे १९३५

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे २५ मे १९३५ रोजी आंतरविद्यापीठीय ‘बिग टेन’ स्पर्धा भरल्या होत्या. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्याने ओवेन्स यांची पाठ दुखावली होती. स्पर्धेच्या दिवशी त्यांना वाकणेही कठीण जात होते. प्रत्येक शर्यतीच्या वेळी पाहू, असे म्हणत त्यांनी भाग घेतला.

दुपारी सव्वातीन वाजता त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.४ सेकंदांत जिंकून विश्वविक्रमाची बरोबरी केली. दहा मिनिटांनी ते लांब उडीच्या धावपट्टीवर आले. पाठीला जपण्यासाठी त्यांनी त्या दिवशी एकच उडी घेतली. ती भरली २६ फूट ८¼ इंच, म्हणजे ८.१३ मीटर. जपानच्या चुहेई नाम्बू यांच्या नावावर १९३१ पासून ७.९८ मीटरचा विक्रम होता. तो पंधरा सेंटिमीटरांनी मागे पडला. तीन वाजून चौतीस मिनिटांनी २२० यार्डांची शर्यत २०.३ सेकंदांत आणि चार वाजता २२० यार्ड अडथळ्यांची शर्यत २२.६ सेकंदांत त्यांनी जिंकली. या दोन्ही वेळा नवे विश्वविक्रम ठरल्या व त्या थोड्या कमी अंतराच्या २०० मीटर शर्यतींसाठीही ग्राह्य धरल्या गेल्या. पाऊण तासात तीन नवे विश्वविक्रम आणि एकाची बरोबरी, अशी त्या दुपारची नोंद आहे. मैदानी खेळांच्या इतिहासात एका खेळाडूने एका दिवसात केलेली ही सर्वश्रेष्ठ कामगिरी मानली जाते. बर्लिनची प्रसिद्धी अधिक असली, तरी निखळ क्रीडागुणांच्या दृष्टीने ॲन आर्बरची दुपार बर्लिनच्या आठवड्याहून मोठी ठरते.

त्याच वर्षी ५ जुलै रोजी रूथ सॉलोमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शालेय वयापासून त्यांचा परिचय होता. या दांपत्यास तीन कन्या होत्या.

पीकॉक आणि बहिष्काराचा वाद

१९३५ च्या उन्हाळ्यात ओवेन्स अजिंक्य नव्हते, ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. ४ जुलै रोजी नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे राष्ट्रीय हौशी स्पर्धेत यूलेस पीकॉक या कृष्णवर्णीय खेळाडूने त्यांना १०० मीटर आणि लांब उडी या दोन्ही प्रकारांत हरविले. त्या हंगामात पीकॉक यांनी त्यांना आणखीही काही वेळा मागे टाकले. पुढील वर्षी पीकॉक यांच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि ऑलिंपिकला जाणे त्यांना जमले नाही. ते तंदुरुस्त असते तर बर्लिनच्या लांब उडीत काय घडले असते, हा प्रश्न जाणकार आजही विचारतात.

दुसरीकडे अमेरिकेत निराळाच वाद पेटला होता. हिटलरच्या राजवटीत ज्यूंचा छळ चालू असताना बर्लिनला संघ पाठवावा की नाही, यावर दोन तट पडले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी ओवेन्स यांना स्पर्धेपासून दूर राहण्याचे आवाहन करणाऱ्या पत्राचा मसुदा केला होता. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतील अनेकांचे मत मात्र वेगळे होते. जे अमेरिकेत रोज घडते त्याविषयी गप्प राहणाऱ्यांनी जर्मनीतील अन्यायाचे भांडवल करावे, आणि त्यासाठी या मुलांनी आपली संधी सोडावी, हे त्यांना मान्य नव्हते. १९३५ च्या डिसेंबरात हौशी क्रीडा महासंघाने थोड्या मताधिक्याने सहभागाच्या बाजूने निर्णय दिला. जून १९३६ मध्ये शिकागो येथे ओवेन्स यांनी १०० मीटर अंतर १०.२ सेकंदांत तोडून नवा विश्वविक्रम केला, जुलैत न्यूयॉर्कच्या निवड चाचणीत तिन्ही प्रकार जिंकले आणि ‘मॅनहॅटन’ या जहाजाने ते युरोपला निघाले.

बर्लिन, ऑगस्ट १९३६

नाझी राजवटीने ही स्पर्धा आपल्या सामर्थ्याच्या व वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराचे साधन म्हणून भव्य प्रमाणात भरविली होती. (ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले ते याच स्पर्धेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वेळी बर्लिनला गेले होते व त्याने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली.) सामान्य जर्मन प्रेक्षकांनी मात्र ओवेन्स यांचे मनापासून स्वागत केले. एक लाखाच्या आसपास प्रेक्षक मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये त्यांच्या नावाचा गजर होत असे आणि स्वाक्षरीसाठी लोक त्यांच्या निवासाबाहेर गर्दी करीत.

३ ऑगस्ट रोजी १०० मीटरची अंतिम शर्यत त्यांनी १०.३ सेकंदांत जिंकली. त्यांचेच सहकारी राल्फ मेटकाफ दुसरे आले. ४ ऑगस्ट हा लांब उडीचा दिवस होता. त्याच सकाळी २०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्याही असल्याने ओवेन्स यांना धावपट्टी आणि उडीचा खड्डा यांच्यामध्ये ये-जा करावी लागत होती. पात्रतेसाठी ७.१५ मीटरची मर्यादा होती. त्यांच्या दृष्टीने ती किरकोळ, तरीही ती पार करताना त्यांची धांदल उडाली.

अंतिम फेरीत त्यांची गाठ जर्मनीच्या लुट्झ लाँग यांच्याशी पडली. तेवीस वर्षांचे लाँग कायद्याचे विद्यार्थी होते आणि यजमान देशाच्या साऱ्या आशा त्यांच्यावर होत्या. पाचव्या फेरीत लाँग यांनी ७.८७ मीटरची उडी मारून ओवेन्स यांची बरोबरी साधली. स्टेडियम दुमदुमले. ओवेन्स यांनी त्याच फेरीत ७.९४ मीटरने उत्तर दिले. लाँग यांची शेवटची उडी बाद झाली, त्यामुळे सुवर्णपदक निश्चित झाले होते. तरीही ओवेन्स यांनी अखेरची उडी पूर्ण जोमाने घेतली. ती ८.०६ मीटर भरली आणि नवा ऑलिंपिक विक्रम झाला. वाळूतून बाहेर येताच त्यांचे पहिले अभिनंदन लाँग यांनी केले. राज्यकर्ते समोर बसलेले असताना हे दोघे हातात हात घालून मैदानातून चालले आणि हिरवळीवर पालथे पडून गप्पा मारताना त्यांचे छायाचित्र घेतले गेले. जपानचे नाओतो ताजिमा तिसरे आले.

५ ऑगस्ट रोजी २०० मीटर शर्यत २०.७ सेकंदांत जिंकून त्यांनी तिसरे सुवर्ण मिळविले. रौप्यपदक विजेते मॅक रॉबिन्सन हे पुढे बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांचे थोरले बंधू होत.

चौथ्या पदकाला मात्र एक सल चिकटलेला आहे. रिले संघात आधी मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर यांची निवड झाली होती. ऐन वेळी प्रशिक्षकांनी त्यांना वगळून ओवेन्स व मेटकाफ यांना घेतले. वगळलेले दोघेही ज्यू होते आणि अमेरिकेच्या मैदानी संघातील बर्लिनला जाऊनही स्पर्धेत न उतरलेले हे दोघेच. यजमानांची मर्जी राखण्यासाठी हे केले गेले, असे ग्लिकमन यांना अखेरपर्यंत वाटत होते. आपल्याला तीन पदके मिळाली आहेत, या दोघांना धावू द्यावे, असे ओवेन्स यांनी बैठकीत सुचविले व त्यांना गप्प बसविण्यात आले, हेही ग्लिकमन यांनीच नमूद केले आहे. ९ ऑगस्ट रोजी अमेरिकेच्या चमूने ३९.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून शर्यत जिंकली. तो विक्रम वीस वर्षे टिकला.

दोन प्रसिद्ध कथा

पहिली कथा हिटलरने ओवेन्स यांच्याशी हस्तांदोलन नाकारल्याची. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. मैदानी स्पर्धांच्या पहिल्या दिवशी, २ ऑगस्टला, हिटलरने जर्मनी व फिनलंडच्या काही विजेत्यांचे जाहीर अभिनंदन केले आणि कॉर्नेलियस जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूने उंच उडी जिंकण्यापूर्वी तो स्टेडियममधून निघून गेला. त्यानंतर ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांनी, अभिनंदन करावयाचे तर सर्वांचे करावे अन्यथा कोणाचेच करू नये, असे यजमानांना कळविले. हिटलरने दुसरा पर्याय पत्करला. ओवेन्स यांचा पहिला विजय त्यानंतरच्या दिवशीचा आहे. त्यामुळे व्यक्तिशः त्यांचा अपमान झाला असे म्हणता येत नाही, आणि प्रारंभी ओवेन्स स्वतःही तसे म्हणत नसत. त्यांना सलत होते ते निराळेच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना अभिनंदनाची तारही केली नाही आणि व्हाइट हाउसमध्ये बोलावलेही नाही. हिटलरची कथा जगभर पसरली, कारण ती अमेरिकेला सोयीची होती. रूझवेल्ट यांच्या मौनाची गोष्ट त्या मानाने फारशी कोणी सांगितली नाही.

दुसरी कथा लाँग यांच्या सल्ल्याची. सरावासाठी घेतलेली धाव पंचांनी उडी म्हणून धरली, पुढची उडी बाद झाली, आणि ओवेन्स स्पर्धेबाहेर जाण्याच्या बेतात असताना लाँग यांनी जवळ येऊन फळीच्या काही इंच अलीकडून उडी घेण्याचे सुचविले, असे सांगतात. ओवेन्स यांनी आपल्या लेखांतून व भाषणांतून ही हकिकत अनेकदा सांगितली आणि क्रीडावृत्तीचा धडा म्हणून ती जगभर पोहोचली. संशोधकांनी मात्र तिच्याविषयी शंका घेतली आहे. दोघांची प्रत्यक्ष भेट अंतिम स्पर्धेनंतरच झाली, असे ओवेन्स यांनी उत्तरायुष्यात एका ऑलिंपिक इतिहासकारापाशी मान्य केल्याचे सांगितले जाते. सल्ल्याची गोष्ट वजा केली तरी स्टेडियमच्या साक्षीने दिलेली ती मिठी आणि ते छायाचित्र उरतेच. त्या काळच्या जर्मनीत लाँग यांनी दाखविलेले धैर्य त्यामुळे उणे होत नाही. लाँग पुढे सैन्यात गेले व जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या लढाईत जखमी होऊन मरण पावले. युद्धानंतर ओवेन्स यांनी त्यांच्या कुटुंबाशी स्नेह जोडला.

कारकिर्दीची अखेर

बर्लिनची स्पर्धा संपण्यापूर्वीच अमेरिकेच्या हौशी क्रीडा महासंघाने विजेत्यांचा युरोप दौरा आखला. कोलोन, प्राग, बोखुम, लंडन अशा गावोगावच्या मैदानांवर त्यांना धावविण्यात आले. प्रवेशशुल्काचे उत्पन्न संघटनांना मिळे, खेळाडूंना काही नाही. थकलेल्या व वजन घटलेल्या ओवेन्स यांनी पुढे स्वीडनला जाण्यास नकार दिला. महासंघाने तत्काळ त्यांना निलंबित केले. हौशी खेळाडू म्हणून त्यांचे दार तेथेच बंद झाले, आणि लांब उडी किंवा धावणे या खेळांत व्यावसायिक स्पर्धा अशी नव्हतीच. जगातील सर्वश्रेष्ठ उडीपटू बावीसाव्या वर्षी निवृत्त झाला, तो असा.

मायदेशी स्वागत थाटात झाले. न्यूयॉर्कमध्ये कागदी फितींच्या वर्षावात मिरवणूक निघाली. मात्र वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलातील त्यांच्याच सत्कारासाठी त्यांना मालवाहू लिफ्टने वर जावे लागले. महाविद्यालयीन दिवसांत पोटासाठी जी लिफ्ट चालविली, तसल्याच लिफ्टमधून चार सुवर्णपदकांचा मानकरी सत्काराला गेला. वृत्तसंस्थेने १९३६ चा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांची निवड केली. अमेरिकेतील उत्कृष्ट हौशी खेळाडूस दिला जाणारा सुलिव्हन पुरस्कार मात्र त्यांना कधीच लाभला नाही. १९३५ चा पुरस्कार गोल्फपटू लॉसन लिटल यांना मिळाला व १९३६ चा डेकॅथलॉन विजेते ग्लेन मॉरिस यांना. मॉरिस थोर खेळाडू होते यात शंका नाही, परंतु ॲन आर्बर आणि बर्लिन ही दोन वर्षे समोर ठेवून या निवडी पाहिल्या म्हणजे वर्णाचा विचार झाला नसेल असे मानणे जड जाते.

उपजीविकेचा झगडा

करमणूक व्यवसायातील मंडळींनी मोठमोठ्या रकमांची आमिषे दाखविली होती. त्यांतील बहुतेक हवेत विरली. १९३६ च्या निवडणुकीत त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ लँडन यांचा मोबदला घेऊन प्रचार केला. लँडन सपाटून पडले. त्याच डिसेंबरात क्यूबाची राजधानी हवाना येथे ओवेन्स एका घोड्याशी धावले. त्यांना काही अंतराची आघाडी देण्यात आली होती व ते जिंकले. पुढे असे प्रयोग अनेकदा झाले. ऑलिंपिक विजेत्याने जनावराशी धावावे हे अनेकांना हीन वाटले. परंतु पदके खाऊन पोट भरत नाही, हे ओवेन्स यांना कोणी शिकवावे लागले नाही.

१९३८ मध्ये त्यांनी क्लीव्हलँडमध्ये कपडे धुलाईचा धंदा सुरू केला. तो बुडाला आणि १९३९ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा विद्यापीठात गेले, पण ती अपुरीच राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी शारीरिक सुदृढतेच्या सरकारी मोहिमेत व नंतर डेट्रॉइट येथील फोर्ड मोटार कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारांच्या विभागात काम केले. १९४९ च्या सुमारास ते शिकागोत स्थायिक झाले आणि तेव्हापासून परिस्थिती पालटू लागली. जनसंपर्काचा व्यवसाय व व्याख्याने यांतून त्यांना स्थैर्य मिळाले. प्रभावी वक्ते म्हणून त्यांची ख्याती झाली.

१९५० मध्ये वृत्तसंस्थेने पत्रकारांच्या मतदानातून त्यांना अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ मैदानी खेळाडू ठरविले. १९५१ मध्ये बर्लिनच्या त्याच स्टेडियममध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा हजारो जर्मन नागरिकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. १९५५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने सदिच्छादूत म्हणून त्यांना भारत, मलाया व फिलिपाइन्स या देशांच्या दौऱ्यावर पाठविले. या दौऱ्यात त्यांनी मुलांना धावण्या-उडण्याचे धडे दिले व भाषणे केली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. शीतयुद्धाच्या काळात आपल्या देशात कृष्णवर्णीयांना संधी मिळते हे जगाला दाखविण्याची अमेरिकेला निकड होती. वीस वर्षांपूर्वी ज्याला तारही पाठविली नाही, तोच खेळाडू आता राष्ट्राचा चेहरा म्हणून परदेशी पाठविला जाऊ लागला.

१२ ऑगस्ट १९६० रोजी राल्फ बोस्टन यांनी ८.२१ मीटर उडी मारून ओवेन्स यांचा विश्वविक्रम मोडला. पाठोपाठ रोम येथे ८.१२ मीटरने ऑलिंपिक विक्रमही बोस्टन यांच्याकडे गेला. १९६६ मध्ये प्राप्तिकराची विवरणपत्रे न भरल्याबद्दल ओवेन्स यांना न्यायालयाने दंड केला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस यांनी पदकमंचावर काळे मोजे घातलेली मूठ उंचावून वर्णभेदाचा निषेध केला, तेव्हा अमेरिकी समितीने खेळाडूंची समजूत घालण्यासाठी ओवेन्स यांना पुढे केले. तरुण खेळाडूंनी त्यांचे ऐकले नाही. काहींनी त्यांना गोऱ्यांचा बोलका बाहुला मानले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी लढाऊ पवित्र्यावर टीका केली. दोनच वर्षांनी दुसऱ्या पुस्तकात मात्र त्यांनी आपले मत बदलल्याचे लिहिले आणि समाजातील अन्याय पाहता संघर्षाची भूमिका समजण्याजोगी असल्याचे मान्य केले. साठीकडे झुकलेल्या, मानमरातब मिळू लागलेल्या माणसाने जाहीरपणे मत फिरवावे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात पदकांच्या बरोबरीने नोंदवावयास हवी.

सन्मान

१९७२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना जागा नव्हती आणि जेथील पदवी त्यांना पुरी करता आली नव्हती, तेच हे विद्यापीठ. १९७४ मध्ये अमेरिकेच्या मैदानी खेळांच्या राष्ट्रीय सन्मान दालनात पहिल्या तुकडीतच त्यांचा समावेश झाला. ऑगस्ट १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक हा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. बर्लिनच्या विजयाला त्या वेळी बरोबर चाळीस वर्षे झाली होती. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही त्यांना गौरविले.

पस्तीस वर्षे रोज सिगारेट ओढण्याची सवय त्यांना भोवली. फुप्फुसाच्या कर्करोगाने ३१ मार्च १९८० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी काही आठवडे मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घालू नये, अशी विनंती त्यांनी कार्टर यांना केली होती. ती मान्य झाली नाही. शिकागो येथील ओक वुड्स स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मरणोत्तर सन्मान

१९८४ मध्ये बर्लिन ऑलिंपिक स्टेडियमजवळील एका रस्त्याला ओवेन्स यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात त्यांच्या नातीने ज्योत स्टेडियममध्ये आणली आणि कार्ल लुइस यांनी ओवेन्स यांच्याच चार प्रकारांत चार सुवर्णपदके जिंकली. १९९० मध्ये अमेरिकी संसदेचे सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर देण्यात आले. अमेरिकी टपाल खात्याने १९९० व १९९८ मध्ये त्यांच्यावर तिकिटे काढली. जन्मगावी ओकव्हिल येथे १९९६ मध्ये स्मृती उद्यान उभारण्यात आले आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचे मैदानी खेळांचे स्टेडियम २००१ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. २००९ मध्ये बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत लांब उडीची पदके ओवेन्स व लाँग या दोन्ही घराण्यांतील वारसांच्या हस्ते देण्यात आली. बर्लिनहून आणलेल्या पदकांपैकी एक ओवेन्स यांनी विख्यात नर्तक बिल रॉबिन्सन यांना भेट दिले होते. २०१३ च्या लिलावात त्याला साडेचौदा लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

सप्टेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी बर्लिन ऑलिंपिकला गेलेल्या अठराही कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंच्या कुटुंबीयांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यांचा सत्कार केला. १९३६ मध्ये जे निमंत्रण यावयास हवे होते, ते ऐंशी वर्षांनी पोहोचले. तोवर त्या अठरांपैकी कोणीही हयात नव्हते.

बर्लिनमध्ये प्रत्येक सुवर्णपदकाबरोबर विजेत्याला ओक वृक्षाचे एक रोप देण्यात येत असे. ओवेन्स यांनी चार रोपे आणली. त्यांतील एक क्लीव्हलँडमध्ये, ज्या रोड्स हायस्कूलच्या मैदानावर ते सराव करीत, तेथे लावण्यात आले.